चार शीटा रिकाम्या

मी गाडी घेतली त्या दिवशी आमच्या घरमालकांनी पेढ्याला हात लावला नाही. आधी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेला कपाळ टेकवून आत बघितलं आणि मला विचारलं, "बाई, तुमी शाळेला एकट्याच जाता ना?"

"हो."

"म्हंजे चार शीटा रिकाम्या."

मग पेढा उचलला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा बायकोच्या हातावर ठेवला आणि आत निघून गेले. नवी कोरी गाडी, बॉनेटवर ओलं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, आणि मला मेलीला भर वर्गात अंगठे धरून उभं केल्यासारखं झालं. संताप आला. गाडी माझी, पगार माझा, आणि हा माणूस शीटा मोजतोय!

हिंगोलीत त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत मी सहा वर्षं काढली. मी मूळची वसमतची, शाळा जिल्हा परिषदेची, सेनगावच्या रस्त्याला. नवऱ्याची नोकरी नांदेडला. सगळी गल्ली घरमालकांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. मामांनी तीस वर्षं काळीपिवळी जीप चालवली, गोरेगाव-सेनगाव-हिंगोली. पुढे घरोघरी मोटरसायकली झाल्या, कुणाकुणाच्या दारात कार आल्या, आणि मामांनी जीप विकली. "काहून विकली?" कुणी विचारलं की म्हणायचे, "हात करणारं माणूसच राह्यलं न्हाई रस्त्याला." जीप गेली, पण मामांच्या अंगातून ती काही उतरली नव्हती.

म्हणजे कसं, तर मामा कुठेही बसले तरी अर्धेच बसायचे. जिपीत पुढच्या बाकावर त्यांच्यासकट चौघं, त्यामुळे उजवं अंग कायम दाराबाहेर. आता समोर अख्खा सोफा मोकळा असला तरी मामा कडेला, उजवीकडे कललेले. "तीस वर्षं अर्धंच टेकवलं," मामी म्हणायच्या, "आता पुरं टेकवा म्हणलं तर झोप येती म्हणतात."

दुसरी खोड म्हणजे "सरकून घ्या". एकदा मला ताप होता म्हणून मामा मला दवाखान्यात घेऊन गेले. बाहेरच्या बाकावर सहा माणसं ऐसपैस बसलेली. मामांनी कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या खांद्याला नुसता हात लावला, "जरा सरकून घ्या, तुमी पुढं, तुमी मागं टेका," आणि दोन मिनिटांत त्याच बाकावर नऊ जण. एक पुढे सरकलेला, एक मागे टेकलेला, अगदी जिपीतल्यासारखे. कंपाउंडर बाहेर येऊन बघतच राहिला. कुणी तक्रार केली नाही, उलट एकमेकांची दुखणी विचारू लागले.

जीप विकल्यावर रोज सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर उभं राहून गाड्यांत डोकावणं हा मामांचा धंदा झाला होता. "एक... एक... दोन, नवरा-बायको हायेत... एक." मी गाडी घेऊन शेजारून गेले की माझ्याकडे बोट, "एक." संध्याकाळी ओट्यावर बातमी सांगायचे, "आज लई शीटा नुसती हवा खात गेल्या, बाई."

मी भांडायचे. का नाही भांडणार? "मामा, ऊन बघा, धूळ बघा, रस्त्यातली कुत्री बघा. बाईमाणसाला संध्याकाळी एकटीनं यायचं असतं."

"बराबर."

"पावसात साडी भिजवत जाऊ का?"

"न्हाई, न्हाई. बराबर हाय तुमचं." आणि लगेच, "पण मला एक कळंना. डब्यात एक पोळी न्यायची तर कोणी पातेलं घेऊन जातं का? एका माणसाला न्यायला एवढं लोखंड काहून लागतं?"

मला आणखी राग यायचा. पण खरं सांगते, हा प्रश्न शाळेपर्यंत माझ्याबरोबर यायचा. रिकाम्या शीटांपैकी एका शीटवर बसून.

मग एके दिवशी मामा परभणीहून बॅटरीवरची स्कूटर घेऊन आले. पांढरी. पहिले दोन दिवस नुसतं कान लावून ऐकत होते. "चालू हाय का बंद, काय समजंना." गल्लीतून जाताना आवाज नाही, त्यामुळे माणूस हलेना, बकरी हलेना, मामा हॉर्न विसरून जिपीच्या सवयीनं ओरडायचे, "बाजूऽ बाजू!" खिडकीतून चार्जिंगची वायर अंगणात आली आणि तिसऱ्या दिवशी मामींनी तिच्यावर मामांचा बनियन वाळत घातला. "ती दोरी न्हाई!" मामा किंचाळले. आयुष्यात त्यांना तेवढंच किंचाळताना ऐकलं.

आता मामांनी विडाच उचलला. या गावात कार जे जे करते ते ते स्कूटरनं होतं की नाही, बघायचंच. मी वरच्या कठड्याला टेकून तमाशा बघायचे. गॅसची टाकी आली. सोयाबीनचं पोतं आलं. कूलर आला, मामांच्या आणि हँडलच्या मधे, त्याच्या जाळीवरून मामांचे नुसते डोळे दिसत होते. एकदा मीच खोडी काढली, "मामा, माझा सोफा आणायचाय दुकानातून."

मामांनी डोकं खाजवलं. "सोफा न्हाई येणार."

"मग हरलात!"

"हरलो. पण बाई, तुमी रोज सोफा घेऊन जाता का शाळेला?"

आता सांगा, अशा माणसाशी कोण बोलणार! पण त्यानंतर मीच एक दिवस खाली जाऊन म्हटलं, द्या तुमची स्कूटर, आठ दिवस नेऊन बघते. मलाही बघायचंच होतं. बाजाराच्या दिवशी जिथे माझी गाडी अर्धा तास अडकायची तिथून मी भाजीच्या पाट्यांमधून सरळ निघाले. शाळेत गाडी कुठल्या झाडाखाली लावू ही चिंता नाही, व्हरांड्यात चढवली. वाटेत एका पालकांच्या शेताशी थांबले, दोन शब्द बोलले; कारमधून नुसता हात हलवायचे. पोरं तर बरोबर पळायची. सहाव्या दिवशी मात्र चैत्रातलं ऊन असं लागलं की शाळेत पोचल्यावर फळ्यावरची अक्षरं हलायला लागली. सातव्या दिवशी मी गुपचूप कार काढली. मामा काही टोचून बोलले नाहीत. "बराबर. ऊन काई शीटा मोजत न्हाई," म्हणाले.

या सगळ्यात मामी कुठे होत्या? घरात. दोन्ही गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढता येत नाही, ऑटोच्या दणक्यानं जीव कासावीस व्हायचा. औंढा नागनाथला त्यांची थोरली बहीण होती, अक्का. अर्धांगवायूनं खाटेवर. थंडीच्या सुरुवातीला अक्कांच्या सुनेनं फोन लावून दिला आणि अक्का अडखळत म्हणाल्या, "मी हाय तवर येऊन जा गं." फोन ठेवून मामी गुडघे चोळत बसल्या.

"मामी, रविवारी मी नेते," मी तिथल्या तिथे म्हटलं. "पाऊण तासाचा रस्ता. गाडी दारात आहे."

मामा म्हणाले, "मी नेणार हाय. स्कुटीवर."

माझा तोल गेला. "मामा, चेष्टा पुरे झाली! मामींना धड बसता येत नाही आणि तुम्हाला तुमची परीक्षा पास करायचीय. तुमच्या हट्टापायी दोन बहिणींची भेट राहिली ना, तर मी या घरात राहणार नाही."

मामा कधी नाही ते खाली मान घालून बसले. मग हळू म्हणाले, "तुमच्या गाडीत तुमी न्याल, बाई. मी कुठं नेलं मग?"

मला कळलं नाही. ते मामींनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी शेंगा फोडताना. श्रावणातल्या सोमवारी मामा जीप हिंगोली-औंढा लावायचे. मामींना अक्काकडे जायचं असायचं. मामा त्यांना पुढे आपल्या शेजारी बसवायचे. "मग रस्त्यानं कोणी हात करायचं. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणी म्हातारं. जीप गच्च. ह्ये माझ्याकडं बघायचे. बोलायचे काई न्हाईत, नुसते बघायचे. मी उतरायची. फाट्यावर बसायची. पुढल्या फेरीला घ्यायचे. कवा दोनदा उतरायची. लोकांची आरती होऊन जायची आन् मी फाट्यावरच."

"तुम्हाला राग नाही यायचा?"

"यायचा की. पण माझ्या शीटवर बसलेलं लेकरू बघितलं की जायचा." दोन शेंगा फोडल्या. "कवा कवा न्हाई बी जायचा."

म्हणजे मामांच्या मनात हे होतं. वेल्डरकडून त्यांनी स्कूटरला पायाची रुंद फळी जोडून घेतली, टेकायला पाठ केली आणि मागच्या शीटवर जिपीचं जुनं रेक्झिन शिवून बसवलं. जीप विकताना तेवढं काढून ठेवलं होतं. मामी अंगणातल्या अंगणात चढून-उतरून बघायच्या. मामा मला म्हणाले, "ह्या बारीला तिला उतरवणार न्हाई, बाई. दारातून बसवायची ती अक्काच्या दारात."

रविवारी आठ वाजता दोघं निघाले. मामींच्या मांडीवर धपाट्यांची पिशवी. मी वरून हात हलवला, आणि सांगते, मला फार बरं वाटलं.

साडेअकराला मामींचा फोन. "बाई, गाडी घेऊन येता का? फाट्यावर बसलेय मी."

मी पोचले तेव्हा चढाच्या अलीकडे, लिंबाखालच्या चहाच्या हॉटेलात मामी फळीवर पिशवी धरून बसल्या होत्या आणि मामा बंद पडलेल्या स्कूटरशेजारी हातात वायर घेऊन उभे. हॉटेलात लाईट नव्हती. काय झालं ते मामींनीच सांगितलं. पहिल्या फाट्यावर एका बाईनं हात केला, पदराखाली तापलेलं लेकरू. तिला उलटं हिंगोलीला दवाखान्यात जायचं होतं. दुसऱ्यावर एक म्हातारा, त्याचं गाव आत बरंच लांब. तिसऱ्यावर पंपाचं सामान खांद्यावर घेतलेला गडी. जिपीत कुठेतरी कोंबता आलं असतं. स्कूटरवर शीट एकच. म्हणून प्रत्येक वेळी मामी उतरल्या, मामा त्या माणसाला पोचवून परत आले, मामींना घेतलं, पुढच्या फाट्यावर परत तेच. औंढ्याला पुरून उरेल एवढी बॅटरी औंढा सोडून चहूकडे फिरून संपली.

"मामा!" माझा आवाज चढला. हॉटेलवाला भजी तळायचा थांबला. "तीन परक्या माणसांना पोचवलंत आणि बायको अजून वाटेतच?"

"हात केला बाई त्यांनी," मामा म्हणाले. एवढंच. मग माझ्याकडे न बघता, "तिनं पाय खाली टेकवला. मी 'बस' म्हणायला पायजे होतं. म्हणलो न्हाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मामींना गाडीत बसवलं. मामांना म्हटलं, तुम्हीही चला. "गाडी सोडून कसा येऊ? लाईट आली की येतो." त्यांनी मामींचं दार लावलं, सवयीनं मागच्या मोकळ्या शीटांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जीप भरली की टपावर मारतात तशा दोन थापा मारल्या. "जाऊ द्या."

अक्कांची खाट दाराजवळच होती. मामींनी त्यांचा चालणारा हात हातात घेतला आणि त्या खाटेच्या कडेला टेकल्या. मग अक्का म्हणाल्या, "कशात आलीस?"

"यांच्या गाडीवर."

"आन् वाटंत उतरवलं असंल त्या डायवरानं."

"न्हाई," मामी म्हणाल्या. "बराबर दारापर्यंत."

"ह्या कोण?"

"आमच्या किरायादार बाई. त्या त्यांच्या गाडीनं आल्या."

मी माझी किल्ली मुठीत धरून ओढणीखाली घेतली आणि हो म्हणून मान हलवली. इतकी वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवतेय.

मामा चार वाजता आले. एकटे नाही. मागच्या शीटवर डोक्याला मुंडासं बांधलेला एक म्हातारा. मी बघितलं तर मामा ओशाळून म्हणाले, "एवढी एक रिकामी होती ना." म्हातारा देवळाकडे गेला.

"पाव्हणे," अक्कांनी खाटेवरून विचारलं, "हिला इथं सोडून कुठं गेले होते?"

मामांनी मामींकडे बघितलं. मामी चहाच्या कपात बघत होत्या.

"गाडी लावायला," मामा म्हणाले.

"चार तास?" अक्का अर्ध्या तोंडानं हसल्या. त्यांना सगळं कळलं होतं की नव्हतं, मला अजून ठरवता येत नाही. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. पण त्या दिवशी हसल्या, आणि दोघी बहिणींनी एक धपाटं अर्धं अर्धं खाल्लं, ते मी बघितलं.

ऊन उतरलं, तोवर सुनेनं स्कूटर घरात लावून पुरी चार्ज करून दिली होती. मी मामींना हाताला धरून माझ्या गाडीकडे नेणार, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "मला दाखव बसून. कशी बसतीस ती." सुनेनं खाट दाराकडे वळवली. आता काय करता? मामी माझ्या खांद्याचा आधार घेत त्या जिपीच्या रेक्झिनवर बसल्या, पाय फळीवर ठेवले, पदर सारखा केला. मामांनी उगाचच हॉर्न वाजवला.

गल्लीच्या वळणापलीकडे, अक्कांना दिसणार नाही अशा जागी, मी गाडीचं दार उघडून उभी होते. मामींना बसवतानाच आमचं तसं ठरलं होतं. मामांनी स्कूटर थांबवली. मामी हलल्या नाहीत.

"चला," त्या मामांना म्हणाल्या.

"तुझे गुडघे..."

"गुडघे माझे हायेत. चला."

मी दार लावलं आणि मागे मागे निघाले. काही झालं तर असावी गाडी जवळ, म्हणून. औंढ्याच्या बाहेर पडलो आणि पहिलाच हात झाला. एक बाई, दोन पोरं. स्कूटरचा वेग कमी झाला. मामांची मान तिकडे वळली, डावा पाय रस्त्याकडे निघाला. मी मोठ्यानं बोललेसुद्धा, एकटीच, "नाही हं मामा, नाही हं."

मामांचा पाय परत वर गेला. न थांबता त्यांनी अंगठा मागे केला, थेट माझ्याकडे, आणि ओरडले, "मागच्या गाडीत बसाऽ!"

बाई आणि पोरं माझ्या गाडीत आली. मग एक काठीवाले आजोबा. मग भाजीची रिकामी पाटी घेऊन एक मावशी. मी कुणाला कुठे जायचंय तेही धड विचारलं नाही; ती मंडळी आपसातच ठरवत होती, "जरा सरकून घ्या, लेकराला मांडीवर घ्या." माझ्या नव्या सीटकव्हरवर चिखलाचे पाय उमटले. लिंबाखालच्या हॉटेलपाशी आणखी एक हात झाला, तेव्हा आतूनच आजोबा म्हणाले, "बसंल की एक."

"बाई, काहून इतकं हळू चालवून राहिल्या?" पाटीवाल्या मावशींनी विचारलं. "ती म्हातारा-म्हातारी हायेत पुढं. काढा की गाडी त्यांच्या पुढं."

"नाही," मी म्हटलं. "त्यांना राहू द्या पुढे."

मामा कडेला कललेले, अर्धेच बसलेले. मागे मामी, एक हात त्यांच्या खांद्यावर. माझी गाडी गच्च, काचांवर पोरांचे श्वास. मी एकेक फाटा मोजत होते. तिन्ही गेले. मामी कुठेही उतरल्या नाहीत.